विश्लेषण : गणवेशाची सक्ती असावी का? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आधी विचारले जाते, 'तो मिळणार कधी?'

शाळेत गणवेश सक्तीचा असावा की नसावा, हा वाद दर जून महिन्यात नव्याने रंगतो. शहरात त्याचे मुद्दे ठरलेले असतात. शिस्त, समानता, मुलांचे स्वातंत्र्य आणि ठरावीक दुकानातूनच कपडे घ्यायला लावणाऱ्या शाळा. ठाणे जिल्ह्यातच, पण लोकलच्या गर्दीपासून लांब, डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसईच्या बाजूला गेलात की हाच वाद वेगळा दिसू लागतो. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाला गणवेश नको असतो असे नाही. तो वेळेत मिळत नाही, मिळाला तर अंगाला बसत नाही आणि कधी कधी वर्षभरात त्याचा रंगच बदलतो.

गेल्या काही वर्षांत राज्याने याच प्रश्नावर एक मोठा प्रयोग केला आणि तो मागेही घेतला. त्यात नेमके काय झाले आणि शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांना त्यातून काय घेण्यासारखे आहे?

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये विद्यार्थ्याने गणवेश घातलाच पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नाही. उलट कलम ३ म्हणते की, प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च मुलावर लादता येणार नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमांनुसार सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तके, लेखन साहित्य आणि गणवेश मोफत मिळण्याचा हक्क आहे. कलम १६ नुसार मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे.

थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीने गणवेश हे मुलाचे कर्तव्य नसून सरकारची देणी आहे. गणवेश नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे किंवा घरी पाठवणे कायद्याच्या चौकटीत बसवणे कठीण आहे. ही गोष्ट पालकांना फारशी कोणी सांगत नाही, म्हणून इथे आधी सांगितली.

६०० रुपयांचे गणित

समग्र शिक्षा अभियानातून पहिली ते आठवीच्या पात्र विद्यार्थ्याला वर्षाला दोन गणवेश मिळतात. एका संचाला ३०० रुपये, दोन संचांचे ६००. पूर्वीच्या सर्व शिक्षा अभियानात हीच रक्कम ४०० होती. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली तेव्हा ती ६०० झाली.

पात्र कोण? केंद्राच्या निकषात सर्व मुली, अनुसूचित जाती आणि जमातीची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या ठाकूर मुलाला गणवेश मिळायचा, पण कुणबी किंवा आगरी मुलाच्या घरी पिवळे रेशनकार्ड नसेल तर त्याला नाही. समानतेसाठी असलेल्या कपड्यातच ही असमानता होती. काही जिल्हा परिषदा सेस फंडातून ही उणीव भरून काढत. २०२३-२४ पासून राज्याने उरलेल्या मुलांचा खर्च स्वतः उचलायचे ठरवले आणि शासकीय तसेच स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या सगळ्याच मुलांना मोफत गणवेश लागू झाला. या सगळ्या गोंधळातला हा भाग चांगला होता, पण पुढच्या घडामोडींत तो झाकला गेला.

पहिलीच्या मुलाची हाफ पँट आणि शर्ट असो की आठवीच्या मुलीची सलवार, कमीज आणि ओढणी, दर ३०० रुपयेच. दुसऱ्याला पहिल्याच्या दुपटीहून जास्त कापड लागते. शाळा लहान वर्गांत थोडे वाचवते आणि मोठ्या वर्गांत ते घालते, तेव्हा कुठे सरासरी जुळते. इंजिनीअरिंगला असताना आम्हाला 'सरासरीवर डिझाइन करू नका' असे शिकवले होते. गणवेशाचा दर मात्र सरासरीवरच काढलेला आहे.

'एक राज्य, एक गणवेश' म्हणजे काय होते?

मे २०२३ मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी राज्यभर एकच गणवेश देण्याची घोषणा केली. तोवर हा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीकडे होता. समिती रंग ठरवायची, दुकानदाराला किंवा गावातल्या शिलाई करणाऱ्यांना काम द्यायची आणि पैसे तिच्या खात्यात यायचे. घोषणा झाली तेव्हा अनेक शाळांनी कपडे आधीच मागवले होते. त्यामुळे त्या वर्षी एक संच शाळेच्या पसंतीचा आणि एक राज्याच्या रंगाचा, असा मधला मार्ग काढला गेला.

२०२४-२५ पासून योजना पूर्ण रूपात आली. नियमित गणवेश आकाशी आणि गडद निळ्या रंगाचा आणि दुसरा स्काउट-गाइडचा. सोमवार, बुधवार, शुक्रवारी पहिला. मंगळवार, गुरुवार, शनिवारी दुसरा. कापड राज्य पातळीवर एकत्र खरेदी करायचे, नियमित गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून शिवून घ्यायचा आणि स्काउट-गाइडचे कापड शाळांना देऊन स्थानिक पातळीवर शिवायचे. या शिलाईला १०० रुपये आणि किरकोळ खर्चाला १० रुपये. ११० रुपयांत शर्ट-पँट शिवून देणारा टेलर कोणत्या बाजारपेठेत मिळतो, हे मुख्याध्यापकांनी स्वतः शोधायचे होते.

हेतू पटण्यासारखा होता. एकत्र खरेदीत कापड स्वस्त पडते आणि बचत गटातल्या बायांना काम मिळते. पण कागदावर सोपी दिसणारी ही साखळी प्रत्यक्षात सुमारे ४४ लाख मुलांची होती. प्रत्येकाचे माप वेगळे, प्रत्येकाला दोन प्रकारचे कपडे आणि पोहोचवायचे ठिकाण कधी कधी डांबरी रस्ता संपल्यानंतरचे. एका ठिकाणी उशीर झाला की पुढे सगळीकडे होतो. १५ ऑगस्ट २०२४ च्या झेंडावंदनाला राज्यातली अनेक मुले जुन्याच कपड्यांत उभी होती. जिथे कपडे पोहोचले तिथून माप चुकल्याच्या आणि शिलाई उसवल्याच्या तक्रारी आल्या. अखेर २० डिसेंबर २०२४ रोजी शासनाने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला.

उशीर झाला तर इथे जास्त का लागतो?

शहरातल्या मुलाला गणवेश सप्टेंबरमध्ये मिळाला तर तो पुढचे सात महिने घालतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याणच्या बाजूला किंवा त्याहून लांब. परततात ती पावसाच्या तोंडाशी. त्यांच्या मुलांचे शालेय वर्ष प्रत्यक्षात १५ जून ते दिवाळी, जेमतेम साडेचार महिन्यांचे असते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. म्हणजे ज्या मुलाला सप्टेंबरच्या मध्यावर कपडे मिळाले, त्याच्या वाट्याला दीड महिना आला. डिसेंबरात मिळाले असतील, तर तो शाळेत नव्हताच.

कातकरी हा केंद्राच्या यादीतला विशेष दुर्बल आदिवासी समूह आहे. ज्यांच्यासाठी मोफत गणवेशाची तरतूद सर्वात आधी झाली त्यात ही मुले आहेत, आणि उशिराचा फटका सर्वात आधी बसतो तोही त्यांनाच.

पावसाचाही विचार करा. जून ते सप्टेंबर या भागात कपडे वाळत नाहीत. दोन संच द्यायचे ते याचसाठी. आज भिजलेला चुलीवरच्या दोरीवर, उद्या दुसरा अंगावर. त्यातला एक संच आला आणि दुसरा कापडाच्या गठ्ठ्यातच अडकला, तर एकच ओला शर्ट आठवडाभर फिरतो. वारांचे वेळापत्रक करणाऱ्यांनी पावसाचे वेळापत्रक पाहिले असते तर बरे झाले असते.

रंग बदलाचा खर्चही कुठल्या जीआरमध्ये दिसत नाही. घराघरांत मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला जातो. २०२२-२३ ला शाळेचा रंग, २०२३-२४ ला अर्धा शाळेचा अर्धा राज्याचा, २०२४-२५ ला पूर्ण राज्याचा आणि २०२५-२६ ला पुन्हा समिती म्हणेल तो. चार वर्षांच्या या फेऱ्यात थोरल्याचे कपडे धाकट्याच्या कामाचे राहिले नाहीत.

मग गणवेश हवाच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. एकाच पाड्यावरच्या वीस-पंचवीस मुलांच्या शाळेत सगळे एकमेकांचे घर ओळखतात. तिथे गणवेशाने काही लपत नाही. फरक पडतो तो पुढे. पाचवीला किंवा आठवीला मूल मोठ्या गावातल्या शाळेत जाते, तेव्हा वर्गात कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी अशी सगळी मुले असतात. तिथे कपड्यावरून वाडी ओळखली जाते. चांगला, अंगाला बसणारा गणवेश असला तर निदान पहिल्या दिवशी तरी तशी ओळख पटत नाही. केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धांत हे स्पष्ट दिसते.

शिवाय अनेक घरांत मुलाचा सर्वात धड कपडा म्हणजे गणवेशच असतो. लग्नाला, बाजाराला, म्हसेच्या जत्रेलाही तोच.

गणवेश दिल्याने मुले शाळेत येतात का, याचा नीट अभ्यास केनियात झाला आहे. तिथे गरीब मुलांना मोफत गणवेश दिल्यावर गैरहजेरी कमी झाली आणि ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांच्यात सर्वाधिक. मात्र काही वर्षांनी त्याच मुलांकडे पुन्हा पाहिले तेव्हा तो परिणाम टिकलेला दिसला नाही. म्हणजे गणवेशाने मूल दारापर्यंत येते, त्याला आत टिकवायला आणखी काही लागते. वीटभट्टीच्या हंगामात तर नक्कीच.

म्हणून माझे मत असे : गणवेश असावा, पण त्याची सक्ती मुलावर नको, पुरवठा करणाऱ्यावर हवी. १५ जूनला दोन संच हातात नसतील, तर त्या वर्षी मुलाला त्याबद्दल एक शब्दही विचारला जाऊ नये. (१५ मार्च २०२४ ला राज्याने शिक्षकांनाही जीन्स-टी-शर्ट बंद केले. शिक्षक आपले कपडे पगारातून घेऊ शकतात, हा फरक लक्षात ठेवायला हवा.)

इतरांनी काय केले?

उत्तर प्रदेशात पैसे थेट पालकाच्या खात्यात जातात. गणवेश, स्वेटर, बूट-मोजे, दप्तर आणि लेखन साहित्य मिळून १,२०० रुपये, त्यात गणवेशाचे ६००. आपल्याकडे आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांसाठी २०१७ मध्ये हाच मार्ग धरला. सुरुवातीचे दर पहिली ते चौथीला ७,५००, पाचवी ते नववीला ८,५०० आणि दहावी ते बारावीला ९,५०० रुपये, त्यात गणवेशासह इतर वस्तू. शहापूरला या विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे, त्यामुळे इथल्या पालकांना 'डीबीटी' हा शब्द नवा नाही. अडचणही माहीत आहे. खाते आधारला जोडलेले नसणे, बँक लांब असणे आणि घरात आजारपण आले की आलेला पैसा आधी तिकडे जाणे.

केरळने २०१७ पासून सरकारी शाळांच्या गणवेशासाठी हातमाग विणकरांकडून कापड घ्यायला सुरुवात केली. आपल्या शेजारी भिवंडी आहे, देशातले एक मोठे यंत्रमाग केंद्र. शहापूर, मुरबाडच्या मुलांचे कापड तिथून का येऊ नये, हा विचार जिल्हा पातळीवर करण्यासारखा आहे.

आता समितीच्या हातात काय आहे?

अधिकार परत गावाकडे आले असले तरी आधीच्या अडचणी संपलेल्या नाहीत. ३० मुलांच्या शाळेची वर्षाची ऑर्डर होते १८ हजार रुपयांची. एवढ्यावर कल्याणचा घाऊक दुकानदार भाव कमी करत नाही. एका केंद्रातल्या अशा दहा शाळांनी एकच रंग ठरवून मागणी एकत्र केली तर ती १ लाख ८० हजारांची होते आणि मग कापडाच्या दर्जाबद्दल बोलता येते. राज्य फार मोठे आणि शाळा फार लहान असेल, तर केंद्र हे मधले माप बरे आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा आहे. समिती दोन वर्षांनी बदलते. नव्या समितीने नवा रंग काढू नये, यासाठी 'पाच वर्षे रंग बदलणार नाही' असा ठराव इतिवृत्तात घालून घेता येतो. पालक म्हणून तुम्ही बैठकीला गेलात तर निधी खात्यात कधी आला, कापडाचा नमुना कोणी पाहिला आणि मापे कधी घेणार, एवढे जरूर विचारा.

यातला मापांचा प्रश्न सर्वात अवघड आहे. जूनमध्ये कपडे हवे असतील तर मापे मार्च-एप्रिलमध्ये घ्यावी लागतात, आणि नेमकी तेव्हाच भट्टीवर गेलेली मुले गावात नसतात. त्यांच्यासाठी त्याच वयाच्या मुलाचे माप धरून, पँटच्या पायाला आणि बाहीला दोन-दोन इंच दुमड ठेवून शिवायला सांगता येते. मूल परतले की ती दुमड शाळेतच सोडून देता येते.