मधेच आकडे पाहताना

समजा, इंदापूरला ऊसतोडीला आलेली एक बाई बारामतीत कर्करोगाच्या औषधचाचणीत आहे. पट्टा पडला, टोळी गावी गेली. आठव्या महिन्यानंतर तिची खबर नाही. आपण ‘आठ महिने हयात’ एवढंच मोजतो. (आजार बळावून गेली असेल, तर हाही हिशेब फसतो, गावाकडचा नंबर आधीच घ्यावा.)

आता व्हॅलॉर ही रक्ताच्या कर्करोगाची चाचणी घेऊ. ठरलेले रुग्ण ४५०. २०१२ मध्ये मधले आकडे पाहून २२५ वाढवले. नियम आधीच लिहिलेला, म्हणून चाललं. पण हयात रुग्णांची तब्येत पाहून संख्या वाढवली आणि त्यांचेच पुढचे मृत्यू नव्या टप्प्यात धरले, तर एकच माहिती दोनदा वापरली जाते. कुचकामी औषधही पास होऊ शकतं. म्हणून पहिल्या टप्प्यातला रुग्ण आपण शेवटपर्यंत त्याच टप्प्यात मोजतो.