मुखत्याराची सूचनावही

शाळेंतील संगणकानें मागितलेलें पान पुष्कळदां थेट बाहेरून येत नाहीं. मध्यें एक मुखत्यार असतो. तो आपल्या वतीनें पान आणवितो, कधीं कोठींतील प्रतच देतो, व मनाई असल्यास नाकारतो. यास प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. स्क्विड हा त्यांतलाच. १९९६ सालापासून तो विनामूल्य व मूळ लिखाणासह मिळत आहे.

त्याचें वर्तन एका फायलींत लिहून द्यावें लागतें. परवानगीच्या ओळी तो वरून खालीं वाचतो आणि जी प्रथम लागू पडेल तिच्यापाशींच थांबतो. ‘सर्वांस मनाई’ ही ओळ वर गेली, कीं खालची ‘शाळेस मुभा’ व्यर्थ. एकही लागू न पडल्यास तो शेवटच्या ओळीच्या उलट वागतो! शेवटीं एकाच स्थळास मनाई लिहिली, तर बाकी सारें मोकळें. मुलांसाठीं लाविलेलें दार सताड उघडें. म्हणून ‘सर्वांस मनाई’ अखेरीस हवीच.

पूर्वीं हें ज्ञान त्याच फायलींतील हजारों ओळींच्या टिपणांत दडलेलें असे. ३.१ या आवृत्तीपासून कामाची फाइल लहान व स्पष्टीकरणाची निराळी झाली. हें ठीकच झालें. परंतु नियमाशेजारीं त्याचें कारण व फसलेलें एक उदाहरण असावें, असें आम्हांस वाटतें. बरोबर नमुना पाहून मनुष्य उतरून घेतो, शिकत नाहीं. स्पष्टीकरणही सर्वांस खुलें असल्यानें दुरुस्ती कोणीही सुचवूं शकतो. फाइल तपासण्याची एक आज्ञा स्क्विडमध्यें आहे खरी; पण तिला लेखनदोष दिसतो, लिहिणाराचा हेतु नव्हे.