ग्रीक शोकनाट्य आणि आपला प्रेक्षक

प्राचीन अथेन्समध्ये नाटकांच्या स्पर्धा डायोनिसस देवाच्या उत्सवात, भर उजेडात व उघड्यावर होत. तेथे सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहिल्या गेलेल्या सॉफोक्लीजच्या शोकनाट्याचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले मराठी भाषांतर 'राजा ओयदिपौस' १९७९ साली प्रसिद्ध झाले. संहिता आहे, प्रश्न प्रयोगाचा आहे. शहापूर-मुरबाडच्या प्रेक्षकाला हे नाटक आपले वाटेल काय?

पहिली शंका अशी की, गोष्ट आधीच ठाऊक असल्यावर गोडी कसली? ग्रीक प्रेक्षकालाही ती ठाऊकच होती. कीर्तनात हरिश्चंद्राचे आख्यान आपण शेवट कळावा म्हणून ऐकत नाही. माणूस त्या शेवटापर्यंत कसा जातो, ते पाहतो.

दुसरी शंका मुखवट्यांची. ज्यांनी आपल्याकडचा बोहाडा पाहिला आहे, त्यांना मुखवटा परका नाही. तीनच नट सर्व भूमिका करीत, ते मुखवट्यांच्या बळावर.

खरी अडचण आहे ती पंधरा जणांच्या वृंदाची. त्याच्या गाण्यांना कात्री लावण्याचा मोह होतो. पण हा वृंद म्हणजे नगरातली जाणती मंडळी. तो काढला तर उरते एका घराण्याचे दुर्दैव. नगर नाहीसे होते. म्हणून त्याचे शब्द साध्या चालीत, स्पष्ट ऐकू यावेत. वाद्यांनी ते बुडवू नयेत.

नाटकाच्या आरंभी रोगराईने गांजलेले लोक राजाच्या दारी गाऱ्हाणे घेऊन आलेले असतात. जन्मभर कामगारांचे अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलेल्या माझ्यासारख्याला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. राजा वचन देतो, की पूर्वीच्या राजाचा खुनी शोधून त्याला हद्दपार करीन. चौकशी त्याच्याकडेच वळते. राणी विनविते, आता थांबा. तो थांबत नाही.

आपल्याकडे धोका आहे तो येथे. 'दैवापुढे इलाज नाही' एवढेच सांगून पडदा पाडला, तर नाटक फुकट गेले. पित्याची हत्या आणि मातेशी विवाह हे अजाणता घडले. चौकशी तडीस नेणे ही मात्र त्याची स्वतःची करणी. राणीचा मृत्यू व राजाने स्वतःचे डोळे फोडणे हे मूळ नाटकात आत घडते, सेवक येऊन सांगतो. तसेच ठेवावे, रंगमंचावर रक्त सांडल्याने करुण रस वाढत नाही.

चौकशी नेमणारे सत्ताधारी आपण पुष्कळ पाहतो. ती स्वतःच्या उंबरठ्याशी आल्यावरही न अडविणारा राजा प्रेक्षकांना नीट दिसला, तर प्रयोग साधला असे समजावे.