सातबारा आणि नकाशा एकत्र कसे वाचावे

बोईसरजवळील कुंभवलीच्या शेतकऱ्यास आपल्या जमिनीचे दोन कागद ठाऊक असतात : सातबाराचा उतारा व गांवचा नकाशा. एकांत नांव, गट व क्षेत्र. दुसऱ्यांत बांधाची आकृति. उतारे आतां संगणकांत कोष्टकरूपानें असतात, नकाशे निराळ्या फायलींत, आणि नव्या रस्त्याच्या आंखणीची फाईल तिसऱ्याच कचेरींत. तारापूरचें औद्योगिक क्षेत्र व १९६९ सालचें अणुवीजकेंद्र ज्यांच्या शेजारीं आहे, त्यांस आंखणी आपल्या खाचरावरून जाते कीं बांधापलीकडून, हा पोटाचा प्रश्न आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीस ६० दिवस दिले आहेत. तेवढ्यांत तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

नकाशाची नक्कल उताऱ्यांच्या दप्तरांत उतरवून घेणें ही जुनी वाट. पण पोटहिस्से पडून मूळ नकाशा बदलला तरी नक्कल जुनेंच बोलत राहते. पोस्टग्रेस नांवाचा जो मोफत डेटाबेस, म्हणजे परस्परांशीं जोडलेल्या कोष्टकांचें दप्तर, मिळतो, त्यांत २०११ पासून निराळी सोय आहे. बाहेरची फाईल आंत न आणतां तिच्यासाठीं एक 'परकें कोष्टक' मांडतां येतें. त्यास नकाशे वाचणारा ओजीआरचा जोड व आकृतींचें गणित करणारें पोस्टजीआयएस लाविलें, कीं एकाच प्रश्नानें विचारतां येतें : आंखणी कोणत्या गटांस छेदते, प्रत्येकाचे किती गुंठे जातात आणि खातेदार कोण? उत्तर देतांना मूळ फाईल त्याच क्षणीं वाचली जाते. गाय आपल्या दावणीस न बांधतां शेजाऱ्याच्या गोठ्यांत जाऊन दूध काढण्याचाच हा प्रकार. गाय हलविली तर भांडें रिकामें.

फसगत मात्र दोन ठिकाणीं होते. दप्तरांत गट '४५/१/अ' व नकाशांत '४५/१अ' असा लिहिला असेल, तर संगणकास ते दोन वाटतात आणि तो गट उत्तरांतून मुकाट्यानें गळतो. म्हणून न जुळलेले गट आधीं मोजावे.

दुसरी अधिक घातक. जुने गांवनकाशे सांखळीनें मोजलेले. त्यांस अक्षांश-रेखांश मागाहून चिकटविले जातात, आणि आंखणी तर उपग्रहाच्या मापानें येते. ३३ फुटी सांखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. नकाशा एकच सांखळी सरकला, तर दहा सांखळ्यांच्या बांधावर दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, कागदोपत्रीं शेजाऱ्याचे होतात! संगणक त्याबद्दल चकार शब्द काढीत नाहीं. बांधाचे दगड व जुन्या विहिरी यांशीं नकाशा ताडून पाहावा, आणि आकृतीचें क्षेत्र सातबाराच्या क्षेत्राशीं मिळवावें. तफावत दिसल्यास भूमि अभिलेख कचेरीकडे रीतसर मोजणी मागावी. संगणकाचें उत्तर म्हणजे मोजणी नव्हे.

सोसायट्यांनीं आपल्या गांवापुरतें असें दप्तर ठेवावें, असें आमचें मत आहे. हरकतीस जोडावयाचें उत्तर मात्र तारखेसह छापून घ्यावें, व त्या दिवसाची मूळ फाईल निराळी जपावी. परकें कोष्टक कालचेंच उत्तर उद्यां देईल असें नाहीं.