काचबिंदू : पातळी पाण्याची, मजबुती बांधाची

नेदरलँड्समधले आल्मेरे हे एकेकाळच्या समुद्राच्या तळावर वसलेले शहर. 1968 मध्ये दक्षिण फ्लेव्होलँडची जमीन कोरडी झाली, 1976 मध्ये पहिले रहिवासी आले आणि शहराच्या कडेचे द ब्लोक फान कुफलर पंपघर आजही पाणी उपसते. डोळ्याचा हिशोबही असाच. आत द्रव सतत पाझरतो, तितकाच निचरा व्हावा लागतो. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि दृष्टीच्या नसेतले दहा लाखांहून अधिक तंतू हळूहळू मरू लागतात. हाच काचबिंदू. पण डोळ्याचा दाब पाऱ्याच्या 21 मिलिमीटरच्या आत असूनही अनेकांची नस झिजते. तेव्हा पाण्याची पातळी मोजून भागत नाही, बांध किती मजबूत आहे हेही पाहावे लागते.

बांधाची ही मजबुती ऊर्जेवर अवलंबून असते. नेत्रगोलकाच्या आत या तंतूंवर मायलिनचे आवरण नसते, म्हणून संदेश वाहताना त्यांना ऊर्जा जास्त लागते. 2017 मध्ये काचबिंदू होणाऱ्या उंदरांना पेशींच्या ऊर्जानिर्मितीला लागणाऱ्या बी-3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार दिला, तेव्हा त्यांच्या नसा बऱ्याच अंशी वाचल्या. मग मधुमेहाने ऊर्जेचा कारभार बिघडला, तर काचबिंदू वाढायला हवा. आल्मेरेहून फार लांब नसलेल्या रॉटरडॅममध्ये 1990 पासून चाललेल्या लोकसंख्या-अभ्यासाने मात्र उलटसुलट कौल दिला. 1996 मध्ये संबंध दिसला, 2006 मध्ये दिसला नाही. 2022 मध्ये मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्या मधुमेहींत काचबिंदू कमी आढळला.

या निष्कर्षांवरचे आक्षेप रास्तच आहेत. मधुमेही नेत्रतज्ज्ञाकडे वरचेवर जातात, म्हणून त्यांचा काचबिंदू जास्त सापडत असेल. मधुमेहात बुबुळावरचा पारदर्शक पडदा ताठरतो, त्यामुळे दाबाचा आकडाही फुगू शकतो. मेटफॉर्मिनचा पुरावा निरीक्षणाचा आहे, प्रयोगाचा नव्हे. म्हणून साखर आटोक्यात आली की काचबिंदू टळतो, असे आज कुणी छातीठोकपणे सांगू नये आणि बी-3 च्या मोठ्या मात्राही मनाने घेऊ नयेत. त्यांनी यकृताला अपाय होऊ शकतो. दाब उतरवणे हाच आजही सिद्ध झालेला उपाय आहे. पण नस झिजण्यामागे निव्वळ दाब नाही, एवढे मात्र दाब मर्यादेत असूनही झिजणाऱ्या नसांवरून पक्के आहे.

मधुमेहींच्या डोळ्यातल्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) फोटो नियमित काढला जातो. तो चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण त्यात दाब मोजलेला नसतो. चाळिशी ओलांडलेली असेल आणि घरात कुणाला काचबिंदू असेल, तर दाब आणि नस दोन्ही तपासायला सांगा. मेलेला तंतू परत येत नाही.