पगाराची खरी किंमत

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी सर्व देशात प्रसिद्ध आहे. मुंबई तेथून फार दूर नाही. त्यामुळे एक भाऊ भिवंडीत व दुसरा मुंबईत नोकरीस, असे सहज घडते. दोघांपैकी कोणाचे बरे चालले आहे, हे केवळ पगाराच्या आकड्यांवरून सांगता येईल काय?

समजा, थोरल्यास मुंबईत दरमहा ३०,००० रुपये मिळतात आणि धाकट्यास भिवंडीत २४,०००. आकड्यांत थोरला सरस आहे. परंतु रुपये खाता येत नाहीत, की पांघरता येत नाहीत. त्यांच्या मोबदल्यात जे घरात येते, त्यावर संसार चालतो. हाती पडणाऱ्या रकमेस रोख वेतन आणि तिच्यातून मिळणाऱ्या वस्तू व सोयींस वास्तव वेतन म्हणतात.

वास्तव वेतन ताडून पाहावयाचे, तर दोन्ही शहरांत एकच यादी घेऊन बाजारात जावे लागते. तेवढेच तांदूळ, तीच डाळ, तेवढेच तेल आणि तेवढ्याच खोल्यांचे घर. ही यादी भिवंडीत १८,००० रुपयांत आणि मुंबईत २४,००० रुपयांत पुरी होते असे धरू. मग थोरल्याच्या ३०,००० रुपयांना भिवंडीच्या भावाने २२,५०० रुपयांचेच मोल उरते. म्हणजे धाकटा पुढे ठरला! मात्र दोघांची शिल्लक सारखीच, ६,००० रुपये आहे. ती गावी आईवडिलांकडे पाठविली, तर तेथे दोघांच्या पैशांना सारखेच मोल येईल. पैसा कोठे मिळतो याइतकेच तो कोठे खर्च होतो, हेही पाहावे लागते.

हा फरक धान्यामुळे फारसा पडत नाही. धान्य मालमोटारीतून एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते. भिवंडीच्या परिसरात तर मोठमोठी गोदामेच आहेत. घर मात्र उचलून नेता येत नाही. मुंबईला तीन बाजूंनी पाण्याचा वेढा आहे. जागा थोडी आणि मागणारे फार, म्हणून भाडे चढते. केंद्र सरकारही हे जाणते. त्याने घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केले. २०२४ च्या जानेवारीपासून पहिल्या वर्गातील मुंबईस मूळ वेतनाच्या ३० टक्के व दुसऱ्या वर्गातील भिवंडीस २० टक्के भत्ता लागू झाला. मूळ वेतन १८,००० रुपये असल्यास मुंबईत ५,४०० आणि भिवंडीत ३,६०० रुपये. घरमालक अर्थात हा तक्ता पाहून भाडे ठरवीत नाहीत.

येथे एक चूक पुष्कळांच्या हातून होते. कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढतात, तो पाहून लोक दोन शहरांची तुलना करू लागतात. परंतु २०१६ साल आधार धरले, म्हणजे त्या वर्षी प्रत्येक शहराचा आकडा १०० च मानला जातो, मग ते महाग असो वा स्वस्त. त्या शहरात भाव पुढे किती वाढले एवढेच तो सांगतो.

थोरल्याने मुंबईची नोकरी ठेवून भिवंडीत बिऱ्हाड केले तर? भाडे वाचेल खरे. पण भिवंडी रोड हे स्थानक दिवा व वसई यांना जोडणाऱ्या मार्गावर आहे. मुंबईसाठी गाडी बदलावी लागते, किंवा बसने ठाणे गाठावे लागते. वाचलेल्या भाड्यातून तो प्रवासखर्च वजा होतो, आणि कामाच्या तासांत जाण्यायेण्याच्या तासांची भर पडते.