रिमोटच्या टॉर्चचे सेल न वापरता का संपतात?

मुंबईच्या लोहार चाळीपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत विजेच्या सामानाच्या दुकानांत रिमोटवर लागणाऱ्या टॉर्च व इमर्जन्सी दिवे विकले जातात. या मालाबद्दल गिऱ्हाइकाची एक तक्रार ठरलेली असते. टॉर्च महिनाभर खुंटीला टांगलेली होती, एकदाही लावली नाही, तरी सेल खलास! दुकानदार सेलच्या कंपनीला नावे ठेवतो, नवे सेल टाकून देतो आणि पुढच्या महिन्यात तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहते. दोष बहुधा सेलचा नसतो.

साध्या टॉर्चचा खटका बंद केला की सर्किट तुटते. मग सेल फक्त वयोमानाने उतरतो. रिमोटच्या टॉर्चचे तसे नाही. बटण कधी दाबले जाईल हे तिला आधी कळत नाही, म्हणून आतला रिसिव्हर चोवीस तास जागा ठेवावा लागतो. गोदामावर राखणदार ठेवला की चोर आला नाही तरी पगार द्यावाच लागतो, तसाच हा प्रकार. उलट हातातला रिमोट बटण दाबल्यावरच वीज घेतो. म्हणून त्याचा इवलासा सेल वर्षभर पुरतो आणि टॉर्चचे मोठे सेल पुरत नाहीत.

आता हिशेब पाहू. टीव्हीच्या रिमोटप्रमाणे इन्फ्रारेड किरणांवर चालणारा रिसिव्हर साधारण अर्धा ते दीड मिलिअँपिअर वीज घेतो. एक धरला तरी दिवसाचे २४ मिलिअँपिअर-तास झाले. अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता २४०० धरली तर १०० दिवसांत तो रिकामा. रेडिओ लहरींचा रिमोट भिंतीआडूनही काम करतो, म्हणून गिऱ्हाइकाला आवडतो; पण त्याचे स्वस्त रिसिव्हर ४ मिलिअँपिअरच्या आसपास खातात. म्हणजे दिवसाला ९६ आणि २५ दिवसांत सेल आटोपला. साध्या झिंक-कार्बन सेलची क्षमता निम्म्याहून कमी, तो पंधरवडाही काढणे कठीण. एकामागे एक तीन सेल लावले म्हणून दिवस तिप्पट होत नाहीत. व्होल्टेज वाढते, साठा तेवढाच राहतो. मोठ्या दिव्यांत कुठे ७८०५ ही जुनी रेग्युलेटर आयसी असली तर ती एकटीच सुमारे ५ मिलिअँपिअर स्वतःसाठी घेते.

नुकसान केवळ सेलच्या किमतीचे नाही. संपलेला झिंक-कार्बन सेल आतच राहिला तर फुटून गळतो आणि स्प्रिंग गंजते. लिथियम सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडू शकतो. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली तर पुन्हा पूर्ण चार्ज होत नाही. आणि पावसाळ्यात कोकणात रात्री वीज गेली किंवा सहरीच्या वेळी अंधार झाला, तेव्हा नेमका दिवा लागत नाही.

परीक्षा सोपी आहे. धातूच्या टॉर्चचे मागचे झाकण काढा. मल्टिमीटरची एक तार सेलच्या ऋण टोकाला आणि दुसरी नळीच्या उघड्या काठाला लावा. आधी दहा अँपिअरवर ठेवा, कारण दिवा पेटलेला असेल तर मिलिअँपिअरचा फ्यूज जाईल. दिवा विझला आहे याची खात्री झाल्यावर मीटर खाली आणा. आकडा अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत असेल तर माल चांगला. काही उत्पादक रिसिव्हर सतत जागा न ठेवता क्षणभर उठवून पुन्हा झोपवतात; त्यात खर्च कितीतरी पटीने घटतो, मात्र रिमोटचे बटण थोडे जास्त वेळ दाबावे लागते.

खरेदी करताना व्यापारी बांधवांनी अंगावर वेगळा मुख्य खटका असलेलाच माल उचलावा. त्याने रिसिव्हरही बंद होतो. असा खटका नसलेला माल विकायचाच असेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावे की वापर नसताना सेल काढून ठेवा. मालातला ऐब झाकून विकणे आपल्याकडे जायज नाही, आणि ‘सेलच खराब होते’ म्हणून दुसऱ्यावर ढकलणेही त्यातच आले. दुकानात मांडलेल्या नगांत सेलखाली प्लास्टिकची पट्टी असते, ती विक्री होईपर्यंत काढू नये. नाहीतर गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधीच अर्धा सेल फळीवर संपलेला असतो.